प्रागच्या घड्याळासमोर दहा मिनिटं थांबवणाऱ्या टूरवाल्यांना खुलं पत्र

युरोप टूर काढणाऱ्या तमाम मराठी टूर कंपन्या, त्यांचे टूर मॅनेजर आणि हातात झेंडा धरून पुढे चालणारे सगळे दादा-ताई यांना सप्रेम नमस्कार.

मी प्रागमध्ये राहते, नऊ वर्षं झाली. ऑफिसला जाता-येता ओल्ड टाउनच्या चौकातून जावं लागतं त्यामुळे तुमचे ग्रुप मला लांबूनच ओळखू येतात, स्वेटरवर स्वेटर, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कुणाच्या तरी पिशवीत हमखास चिवडा. आपली माणसं दिसली की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू, दोनदा तर मी मुद्दाम मागे मागे चालले होते फक्त मराठी ऐकायला. पण जे दर वेळी बघते ते आता लिहायलाच हवं, कारण या दिवाळीत ते माझ्या सख्ख्या मावशीसोबत झालं.

मावशी साताऱ्याहून आली होती, तुमच्यापैकीच एकांच्या दिवाळी स्पेशल टूरने. नाव घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही कारण सगळ्यांचा कार्यक्रम तोच असतो. प्रागला तिचा ग्रुप आला तो भाऊबिजेचा दिवस. मी ऑफिसमधून लवकर निघून चौकात जाऊन थांबले. चारला दहा कमी असताना ग्रुप आला, बेचाळीस माणसं, मॅनेजरने झेंडा वर केला आणि जाहीर केलं की वरच्या दोन खिडक्यांकडे बघा, मोबाईल रेडी ठेवा, पाकिटं सांभाळा, कोंबडा आरवला की लगेच बसकडे निघायचं. चार वाजले. सांगाड्याने दोरी ओढली, खिडक्या उघडल्या, येशूचे बारा शिष्य एकामागून एक डोकावून गेले, कोंबडा कुठलातरी फाटका भोंगा वाजवल्यासारखा ओरडला, टोल पडले. जेमतेम मिनिटभर. मावशीच्या शेजारचे काका म्हणाले, "झालं? एवढंच? आमच्या गणपतीतले हलते देखावे बरे की!" आणि सगळे हसले आणि मला खरंच त्या काकांचा राग नाही आला, कारण त्यांना जे दाखवलं तेवढ्यावर त्यांचं बोलणं बरोबरच होतं.

माझी तक्रार इथे आहे. तुम्ही माणसांना सहा-सात हजार किलोमीटर लांब आणून जगातलं सगळ्यात जुनं चालू खगोलीय घड्याळ दाखवता आणि त्यातलं घड्याळच दाखवत नाही. ते शिष्य, तो कोंबडा, हे सगळं नंतर लावलेलं. कोंबडा तर एकोणिसाव्या शतकातला. मूळ वस्तू आहे ती खालची मोठी निळी-सोनेरी तबकडी, १४१० सालची, काडानचा मिकुलाश नावाचा घड्याळजी आणि इथल्या विद्यापीठातला गणित-ज्योतिषाचा प्राध्यापक यान शिंडेल या दोघांनी केलेली. चौदाशे दहा! शिवाजी महाराजांच्या जन्माआधी दोनशे वीस वर्षं. आणि तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात लोक कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की तिथे नेमकं काय लिहिलंय.

त्यातून मला सगळ्यात जास्त हळहळ याची वाटते की ही तबकडी वाचायला जगात कोणाला सोपी जावी तर ती आपल्या पंचांगवाल्या घरातल्या माणसांना. बाकीच्यांना राशी म्हणजे पेपरातलं भविष्य, आपल्याकडे साठीच्या कुठल्याही बाईला विचारा, आज तिथी काय, चंद्र कधी उगवणार, सूर्य कुठल्या राशीत, बोटांवर सांगेल.

मी काय केलं, मॅनेजरना म्हटलं मावशीला मी रात्री हॉटेलवर सोडते. ते बिचारे लगेच हो म्हणाले, चांगले होते, फक्त घाईत होते. ग्रुप गेला, गर्दी पांगली (हे पण लक्षात घ्या, तास वाजून पाच मिनिटं झाली की समोर चिटपाखरू नसतं, निवांत उभं राहता येतं आणि पाकीटमार पण पांगतात) आणि मी मावशीला म्हटलं, आता बघ.

मधोमध पृथ्वी. म्हणजे आपण. वरचा निळा भाग म्हणजे दिवस, खालचा काळा गोल म्हणजे रात्र, आणि दोघांच्या मधला तांबूस पट्टा म्हणजे संधिप्रकाश. डावीकडे लॅटिनमध्ये 'ऑर्टस', उगवती, उजवीकडे 'ऑक्कासुस', मावळती. एका लांब काट्यावर सोनेरी सूर्य बसवलाय आणि त्याच काट्याच्या टोकाला सोनेरी हाताचा पंजा, तो तास दाखवतो. मिनिटकाटा नाहीच. दुसऱ्या काट्यावर चंद्र, अर्धा काळा अर्धा चंदेरी गोळा, स्वतःभोवती फिरणारा. आणि या सगळ्यावर एक कडं, मध्याला सोडून तिरकं फिरणारं, त्यावर बारा राशींची चिन्हं.

मावशीने चष्मा पुसला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "चंद्र जवळजवळ सगळाच काळा दिसतोय, बारीक कड तेवढी चंदेरी. म्हणजे आजची बीज दाखवतोय का हा?" मी म्हटलं हो. तिने परत बघितलं, "आणि सूर्याच्या काट्याला अगदी लागून आहे, थोडासा मागे. परवा अमावास्येला दोन्ही काटे एकावर एक असतील मग." बाई, मला हे कळायला इथे आल्यावर दोन वर्षं लागली होती आणि एक इंग्रजी माहितीपत्रक! तिला दोन मिनिटं. त्या बेचाळीस लोकांत अशा किमान वीस मावश्या होत्या, मी पैजेवर सांगते.

मग ती अडली. "सूर्य वृश्चिकेत दाखवलाय. चूक आहे. आपल्या पंचांगात अजून तूळच आहे." ही चूक नाही आणि हीच गोष्ट तुम्ही तुमच्या ग्रुपला सांगितलीत तर लोक तिथून हलणार नाहीत. युरोपातल्या राशी वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखी होते तेव्हा सूर्य जिथे असतो तिथपासून मोजतात, सायन, आणि आपल्या ताऱ्यांना धरून, निरयन. संपात हळूहळू मागे सरकत राहतो, साधारण बहात्तर वर्षांत एक अंश, आणि आता दोन्हींत सुमारे चोवीस अंशांचा फरक पडलाय. म्हणून या घड्याळात सूर्य मकरेत शिरतो २१-२२ डिसेंबरला आणि आपण तिळगूळ वाटतो १४ जानेवारीला. एकोणिसाव्या शतकात याच मुद्द्यावर आपल्याकडे केवढी भांडणं झाली, विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक, शंकर बाळकृष्ण दीक्षित ही मंडळी सायन पंचांगाच्या बाजूने हिरिरीने उभी होती. म्हणजे प्रागच्या भिंतीवर आपला जुना वाद टांगलाय आणि आपण त्याखाली उभे राहून कोंबड्याची वाट बघतोय.

साडेचारच्या सुमाराला (नोव्हेंबरात इथे दिवस तेव्हाच मावळतो, तुमच्या लोकांना ते कळत नाही आणि ते उगाच विचारत बसतात की ढग आलेत का) सूर्याचं चिन्ह निळ्यातून तांबूस पट्ट्यात उतरायला लागलं. वर आकाशात पण तसाच रंग. मावशी कधी वर बघे कधी तबकडीकडे. मी तिला बाहेरचं काळं कडं दाखवलं, त्यावर जुन्या जर्मन वळणाचे सोनेरी आकडे आहेत, १ ते २४, आणि हे कडं वर्षभर मागेपुढे सरकतं म्हणजे त्यातला २४ बरोबर सूर्यास्तावर यावा. जुन्या बोहेमियात, म्हणजे इथल्याच मुलखात, दिवस सूर्यास्ताला संपायचा आणि तिथून नवीन तास मोजायला सुरुवात. सोनेरी हात वीसवर असला की शेतातल्या माणसाला कळायचं उजेड चार तास उरलाय, आवरा. आपला वार सूर्योदयाला सुरू होतो, यांचा सूर्यास्ताला, एवढाच फरक. मावशी म्हणाली, "घटिकापात्रच की हे." तिच्या लग्नात म्हणे सकाळी सूर्य उगवल्यापासून गुरुजींनी घंगाळात वाटी सोडली होती, बुडाली की एक घटका, चोवीस मिनिटं, आणि तिच्या धाकट्या दिराला तिथे मोजायला बसवलं होतं आणि तो झोपला. मुहूर्त शेवटी मामांच्या मनगटावरच्या घड्याळावर लागला. ही गोष्ट मी माझ्या चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली, आणि ती प्रागच्या चौकात ऐकली.

अजून एक आहे. निळ्या भागावर सोनेरी वाकड्या रेघा आहेत, त्या दिवसाचे बारा भाग करतात, दिवस केवढाही असो. इथे डिसेंबरात दिवस आठ तासांचा, जूनमध्ये सोळाच्या वर, म्हणजे त्यातला एक 'तास' हिवाळ्यात चाळीस मिनिटांचा आणि उन्हाळ्यात ऐंशीचा. ऐकायला विचित्र वाटतं पण आपण राहुकाळ काढतो तो तसाच ना, सूर्योदय ते सूर्यास्त भागिले आठ. हे वाक्य बसमध्ये माईकवर म्हणून बघा, अख्खी बस जागी होईल.

आणि ज्यांना देवधर्म-पंचांगात रस नाही, इंजिनियर लोक, रिटायर्ड एसटी वर्कशॉपवाले, त्यांच्यासाठी यंत्र आहे. मागे एकाच आसावर तीन मोठी चाकं. एकाला ३६५ दाते, दुसऱ्याला ३६६, तिसऱ्याला ३७९. तिघांना फिरवणारी चाकं एकसारखी, २४ दात्यांची. ३६६ वालं सूर्य फिरवतं, चोवीस तासांत एक फेरी. ३६५ वालं राशींचं कडं फिरवतं, एक दाता कमी म्हणून ते रोज चार मिनिटं आधी पोचतं, आणि तारे रोज तेवढेच लवकर उगवतात. ३७९ वालं चंद्राचं, ते रोज पन्नासएक मिनिटं मागे पडतं, संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघितलेल्या प्रत्येकाला माहितीये चंद्र रोज किती उशीर करतो. दाते मोजून आकाश बसवलंय, बास. कॅल्क्युलेटर नाही, दशांश चिन्ह नाही.

टोलांचं तर मला स्वतःला फार आवडतं. दिवसाला १ ते २४ टोल पडायला एक छोटं चाक आहे, त्यावरच्या खाचांमधली अंतरं १, २, ३, ४, ३, २ अशी, आणि पुन्हा तेच. आता बेरीज करत जा: १, २, ३, ४, मग ३+२ म्हणजे पाच, १+२+३ सहा, ४+३ सात, २+१+२+३ आठ, ४+३+२ नऊ. चाक फिरत राहतं आणि पुढचा आकडा आपोआप जुळत राहतो. गणितवाल्यांनी या प्रकाराला शिंडेलचंच नाव दिलंय. टूरमधल्या पोरांना द्या हे कोडं, हॉटेल येईपर्यंत मोबाईल बाजूला राहील.

आता जे सांगता त्याबद्दल. प्रत्येक मॅनेजर, खरंच प्रत्येक, ती हानुशची गोष्ट सांगतो. हानुश नावाच्या कारागिराने घड्याळ केलं, दुसऱ्या गावाला असं करून देऊ नये म्हणून नगरपालिकेने त्याचे डोळे तापलेल्या सळईने फोडले, मग त्याने सूड म्हणून यंत्रात हात घालून ते बंद पाडलं. लोक च्‌ च्‌ करतात. गोष्ट म्हणून झकास आहे, पण ती गोष्टच आहे. घड्याळ मिकुलाशचं, ९ ऑक्टोबर १४१० च्या कागदात त्याची नोंद आहे, हानुश त्यानंतर कित्येक वर्षांनी आला. ताजमहाल बांधणाऱ्यांचे हात तोडले म्हणतात ना, त्याच जातीची ही दंतकथा, मोठं काम दिसलं की जगभर लोकांना कारागिराचा एखादा अवयव तोडावासा का वाटतो कोण जाणे. सांगा, पण 'अशी दंतकथा आहे' हे तीन शब्द जोडून सांगा. तसंच तो पैशाची थैली घेतलेला पुतळा दाखवून 'हा ज्यू सावकार' असं मोठ्याने म्हणू नका. पूर्वी तो तसाच होता, महायुद्धानंतर मुद्दाम त्याची दाढी काढून त्याला नुसता कंजूष केला, आणि का केला हे या शहरात सांगावं लागू नये.

त्यापेक्षा खरी गोष्ट सांगा, ती कमी नाहीये. मे १९४५, युद्ध संपायला तास उरलेले, आणि जर्मन सैन्याने हे घड्याळ ज्या टाउन हॉलच्या भिंतीवर आहे त्यावर गोळे डागले. इमारत पेटली, लाकडी शिष्य जळून गेले. आज जे डोकावतात ते वोयत्येख सुखार्दा या शिल्पकाराने नंतर कोरलेले, १९४८ मध्ये घड्याळ परत सुरू झालं. हॉलची जळालेली उत्तरेकडची बाजू परत बांधलीच नाही, घड्याळाच्या पलीकडे जे मोकळं हिरवळीचं मैदान आहे ना, जिथे तुमचे ग्रुप पॅक लंच खातात, ती तीच जागा. २०१८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली तेव्हा ४८ सालचं विजेचं यंत्र काढून १८६० च्या दशकातलं जुनं यंत्र परत बसवलं. जगात सगळीकडे जुनं काढून नवीन लावतात, इथे उलटं.

खालच्या दुसऱ्या तबकडीबद्दल थोडक्यात, ती वर्षाची, रोज एक घर पुढे सरकते. त्यावर योसेफ मानेसने बारा महिन्यांची शेतकामं रंगवली, नांगरणी, पेरणी, मळणी, आपला बारामास म्हणा. मूळ चित्रं म्युझियममध्ये आहेत, इथे नक्कल, आणि २०१८ च्या नकलेत चेहरे आणि वयंच बदलली अशी तक्रार २०२२ मध्ये झाली आणि इथल्या पेपरांत बरंच गाजलं. मावशीला नोव्हेंबरचं लाकूडतोड्याचं चित्र आवडलं, डिसेंबरचं डुक्कर कापायचं बघून तिने तोंड फिरवलं.

तर मागणी काय. मी काही दिवसभर द्या म्हणत नाहीये, तुमचं वेळापत्रक, बसच्या पार्किंगची बोंब, ड्रायव्हरचे तास, सगळं समजतं. पण तास वाजायच्या आधी दहा मिनिटं देता ती तास वाजून गेल्यावर द्या, आणि दहाची चाळीस करा. खेळ सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला असतो, जेवण झाल्यावर पण आणता येईल. तिकीट काढून वर घेऊन जा, लिफ्ट आहे, गुडघेवाले पण जाऊ शकतात, आणि आतल्या चॅपलमधून ते शिष्य मागच्या बाजूने जवळून दिसतात. मॅनेजर लोकांना निघायच्या आधी पुण्या-मुंबईत एक दुपार बसवून तबकडी वाचायला शिकवा, अर्ध्या तासात जमते. आणि चार्ल्स ब्रिजवरून येताना ज्या कार्लोवा गल्लीतून झेंडा घेऊन धावता, त्याच गल्लीत केप्लर राहायचा, आणि घड्याळासमोरच्या टीन चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे पुरलाय. ज्या केप्लरने ग्रहांना सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरवलं तो पृथ्वी मधोमध असलेल्या या घड्याळापासून चालत पाच-सात मिनिटांवर राहत होता. त्या गल्लीत तुम्ही थांबता, नाही असं नाही, पण मॅग्नेट घ्यायला.

पावणेसहाला आम्ही निघालो. तोवर सोनेरी हात बाहेरच्या कड्यावर १ च्या थोडा पुढे गेला होता, म्हणजे जुन्या हिशोबाने उद्याचा दिवस लागून तास उलटला होता. मावशीने मामाला व्हिडिओ कॉल लावला, भाऊबिजेचं राहिलं होतं, साताऱ्यात रात्रीचे सव्वादहा. ओवाळायला काही नव्हतं तर तिने मोबाईलच घड्याळाकडे फिरवला आणि म्हणाली, "बघ रे, इथे चंद्र दिसतोय बिजेचा."

तुमची,
रोज त्या चौकातून जाणारी एक

ता. क. मावशीने हे पत्र वाचलं. म्हणाली सगळं बरोबर लिहिलंस पण एक राहिलं, चौकात उतरल्यापासून बसमध्ये बसेपर्यंत चहाला सोडत नाहीत, ते पण लिही. लिहिलं.